सुटका कोणाची?



बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले माणूस गेले की अंत्यविधीच्या गर्दीत कोणीतरी हळूच म्हणते, "सुटले बिचारे." या शब्दांत प्रेम असते, तसा थकवाही असतो. नेमके सुटले कोण, जाणारा की मागे राहिलेले, हे मात्र त्या वेळी कोणी विचारत नाही.

हाच शब्द अलीकडे आपल्या धर्मग्रामातल्या काही घरांत एका मुक्या प्राण्यासंबंधी ऐकू येतो. दहा वर्षे घर राखलेला कुत्रा मागच्या पायांनी लुळा पडला आहे. डॉक्टर म्हणतात, औषध नाही. शेजारी म्हणतात, "कशाला हाल करता? इंजेक्शन देऊन सोडवा त्याला." मुले रडतात, आई गप्प बसते, आणि मिस्सा आटोपल्यावर आवारात प्रश्न येतो, "फादर, हे पाप आहे का?"

कुत्र्याचा प्रश्न घेऊन कोणी धर्मगुरूकडे जाते का, असे काहींना वाटेल. पण ज्याचा आता काही उपयोग उरला नाही, जो बरा होणार नाही आणि जो पूर्णपणे आपल्या हाती आहे, अशा जिवाचे आपण काय करतो, हा प्रश्न मुळीच लहान नाही. म्हणून आज तो थोडा नीट समजून घेऊ.

सुरुवात आजारापासूनच करू, कारण माहितीशिवाय घेतलेला निर्णय कितीही भावनेने घेतला तरी अर्धवटच राहतो. म्हाताऱ्या कुत्र्यांना होणाऱ्या या आजाराचे नाव डिजनरेटिव्ह मायलोपथी. मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचवणारा पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यात हळूहळू निकामी होत जातो. १९७३ साली जर्मन शेफर्ड, म्हणजे आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो, त्या जातीत या आजाराचे प्रथम वर्णन झाले. पुढे बॉक्सर, कॉर्गी अशा इतर जातींतही तो दिसला. बहुधा आठ वर्षांच्या पुढे तो डोके वर काढतो. आधी मागचा एक पाय घासत चालतो, नखे झिजतात, वळताना तोल जातो. सहा महिने ते वर्षभरात मागचे दोन्ही पाय जातात. मग लघवी-शौचावरचा ताबा सुटतो. त्यानंतर पुढचे पाय जातात आणि अखेरीस गिळणे व श्वास घेणेही कठीण होते. २००९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की या आजाराशी एसओडी-१ नावाच्या जनुकातल्या बिघाडाचा संबंध आहे. माणसांना होणाऱ्या ए.एल.एस. या आजाराच्या काही रुग्णांतही हेच जनुक बिघडलेले असते. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आजार याच कुळातला.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवू. या आजारावर आज तरी उपाय नाही, ही पहिली. आणि हा आजार स्वतःहून वेदना देत नाही, ही दुसरी. पाय गेले तरी कुत्र्याची भूक, ओळख, घरच्यांच्या पावलांकडे लागलेले कान, सारे शाबूत असते. आपल्याला त्याचे फरपटणे पाहवत नाही, पण त्याच वेळी तो पोळीच्या तुकड्याची वाट पाहत असतो.

पाय लुळे पडले म्हणजे हाच आजार, असेही समजू नये. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांची मणक्यांमधली गादी सरकते, लॅब्राडॉरचे खुबे खराब होतात, आणखीही कारणे असतात. त्यांतली काही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतात. जिवंतपणी या आजाराचे निदान शंभर टक्के करता येत नाही. इतर कारणे एकेक करून बाजूला सारत पशुवैद्य त्या निष्कर्षाला येतात. म्हणून "सोडवा त्याला" असे कोणी म्हणण्याआधी त्याला डॉक्टरांकडे नेणे हे आपले पहिले कर्तव्य. लोणावळ्यात नीट तपासणी झाली नाही तर पुणे दूर नाही, आणि घाट उतरून मुंबईला परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालयही आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निकामी झालेल्या कुत्र्याशी माणसे कशी वागतात, हे आपल्या भागात आपण रोज पाहतो. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांत राखणीसाठी जातिवंत कुत्री आणली जातात. ती भुंकतात तोवर त्यांना मान असतो. म्हातारी झाली, आजारी पडली की एखाद्या रात्री गाडीतून नेऊन घाटात किंवा महामार्गाच्या कडेला उतरवली जातात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळलेल्या जनावराला असे भुकेतहानेला सोडून देणे हा गुन्हा आहे. पण आपण गुन्ह्यापेक्षा त्यामागच्या विचाराकडे पाहू. तो विचार असा की, जिवाची किंमत म्हणजे त्याचा उपयोग; उपयोग संपला की किंमत संपली.

हा विचार फार जुना आहे, आणि त्याला दिलेले उत्तरही जुने आहे. ग्रीक लेखक प्लुटार्क याने रोमन पुढारी केटो याचे चरित्र लिहिताना एक गोष्ट नमूद केली आहे. केटोने युद्धात आपल्याला वाहून नेणारा घोडा स्पेनमध्येच सोडला, कारण त्याला जहाजाने परत आणण्याचा खर्च सरकारवर पडला असता. म्हातारे गुलामही तो विकून टाकत असे. प्लुटार्कला हे पटले नाही. त्याने अथेन्सच्या एका खेचराची हकीकत सांगितली. मंदिर बांधताना राबलेल्या खेचरांना कामातून मोकळे केले, तेव्हा त्यातले एक आपणहून परत येऊन इतरांच्या पुढे चालू लागले. लोकांनी ठराव करून त्याचा मरेपर्यंतचा चारा सार्वजनिक खर्चाने दिला. प्लुटार्कचे म्हणणे असे की न्याय माणसामाणसांत असतो, पण माया त्याहून लांबवर पोचते. चांगला माणूस आपल्या कुत्र्याला त्याच्या म्हातारपणीही सांभाळतो.

आपल्या मावळातल्या शेतकऱ्याला हे प्लुटार्कने शिकवावे लागत नाही. भातखाचरात वर्षानुवर्षे चिखलणी केलेला बैल थकला तरी गोठ्याच्या कोपऱ्यात त्याची दावण ठेवणारी घरे आपल्याकडे आहेत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला इमॅन्युएल कान्ट भेटला. त्यानेही नेमके म्हाताऱ्या कुत्र्याचेच उदाहरण घेतले आहे. कुत्रा सेवा करीनासा झाला म्हणून मालकाने त्याला गोळी घातली, तर कुत्र्यावर अन्याय झाला असे कान्ट म्हणत नाही, कारण त्याच्या मते आपली कर्तव्ये फक्त माणसांप्रती असतात. तरीही ते कृत्य अमानुष आहे, कारण त्याने मालकाच्या अंतःकरणातली माणुसकी मरते. संत थॉमस अक्वायनस यांनीही त्याच्या पाचशे वर्षे आधी असेच काहीसे सांगितले होते : जनावराशी क्रूर वागणारा हात माणसाशी क्रूर वागायला शिकतो.

यात सत्य आहे, पण सगळे सत्य नाही. कुत्र्याला सांभाळायचे ते केवळ आपले मन बिघडू नये म्हणून, असे म्हटले तर कुत्रा हा आपल्या सद्गुणांचा सराव करण्याची वस्तू ठरतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच्या पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक जीव माणसाच्या उपयोगासाठीच आहे असे नाही, देवासमोर त्याला स्वतःचे मोल आहे, असे त्यांनी स्पष्टपणे शिकवले. बायबलमधल्या तोबीतच्या पुस्तकातला कुत्रा आपल्याला आठवत असेल. तरुण तोबिया प्रवासाला निघतो तेव्हा कुत्रा सोबत निघतो, परत येतो तेव्हाही तो मागून येतो. त्या कथेत कुत्र्याला काही काम नाही. तो राखण करत नाही, शिकार करत नाही. तो फक्त सोबत आहे, आणि पवित्र शास्त्राला तेवढे नोंदवण्याजोगे वाटले.

म्हणजे कुत्र्याला मरण देणे नेहमीच चूक का? आपल्या देशात असे मानणारी मोठी परंपरा आहे. १८३२ साली मुंबईत सरकारी हुकमाने रस्त्यावरची कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि इतर समाजांचे लोकही त्यांना सामील झाले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. लुळ्या-पांगळ्या, म्हाताऱ्या, कोणालाच नको असलेल्या जनावरांना तेथे मरेपर्यंत आसरा मिळू लागला. त्या परंपरेपुढे आपण आदराने मान लववावी.

ख्रिस्तसभेची शिकवण मात्र थोडी वेगळी आहे. जनावराला विनाकारण दुःख देणे किंवा मारणे हे माणसाला शोभत नाही, असे आपला धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. यातला 'विनाकारण' हा शब्द महत्त्वाचा. कारण असेल, म्हणजे यातना थांबवण्याचा दुसरा मार्ग उरला नसेल, तर पशुवैद्याच्या हातून शांतपणे मरण देणे हे पाप नाही. ती परवानगी आहे, सक्ती नाही.

मग सगळा प्रश्न कारणापाशी येऊन थांबतो. आपण ज्याला "त्याची सुटका" म्हणतो, ती खरोखर त्याची आहे का? यासाठी काही साधे प्रश्न स्वतःला विचारावेत. तो आवडीने खातो का? घरचे माणूस आले की त्याचे डोळे उजळतात का? त्याला कोरडे आणि स्वच्छ ठेवणे आपल्याला जमते का? त्याच्या अंगावर न भरणाऱ्या जखमा आहेत का? श्वास घेताना, गिळताना तो घाबरतो का? आठवड्यात वाईट दिवस जास्त की चांगले? यांची उत्तरे आपली आपण न ठरवता डॉक्टरांसमोर ठेवावीत. नुसते पाय गेले, अंगणात पूर्वीसारखा धावत नाही, पाहुण्यांसमोर फरशी घाण होते, ही कारणे त्याची नव्हेत, आपली आहेत.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कधीकधी कुत्रा खरोखर यातनेत असतो, श्वासासाठी धडपडत असतो, आणि "आम्हाला सोडवत नाही" म्हणून आपण त्याला धरून ठेवतो. तेही प्रेम नव्हे. तिथेही आपण आपलेच दुःख वाचवत असतो आणि त्याची किंमत तो मोजत असतो.

काही जण विचारतील, बरा होणार नाही हे ठाऊक असताना शुश्रूषा करायची तरी कशाला? स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथील पशुवैद्यांनी २००६ साली असा आजार असल्याचा संशय असलेल्या २२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना रोज कसून व्यायाम दिला ते सरासरी २५५ दिवस जगले, ज्यांना बेताचा व्यायाम मिळाला ते १३०, आणि ज्यांना काहीच दिला नाही ते ५५. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण बरे करता येत नाही म्हणजे काहीच करता येत नाही असे नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

करायचे ते फार अवघडही नसते. गुळगुळीत फरशीवर गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरली की पाय घसरत नाहीत. पोटाखालून टॉवेलची झोळी घेऊन मागचा भाग उचलला की तो पुढच्या पायांनी चालतो. मागे दोन चाके लावलेली गाडीही मिळते. पायांची हालचाल कशी करून घ्यायची, मूत्राशय रिकामे कसे करायचे, हे डॉक्टर हाताला धरून शिकवतात. उठता येईनासे झाले की दर काही तासांनी कूस बदलावी लागते. आपल्याकडे पावसाचे चार महिने सर्वांत कठीण. भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, अंथरूण ओले राहिले की कातडी सोलवटते, माशा बसतात आणि जखमेत अळ्या पडतात. म्हणून कोरडे अंथरूण हे या दुखण्यातले निम्मे औषध समजावे.

इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्यातली अनेक कुटुंबे हातावर पोट असलेली आहेत. दोघेही सकाळी कामावर जातात, दुपारी कुत्र्याची कूस बदलायला घरी कोणी नसते. अशा घरावर दोष ठेवायला आम्ही धजणार नाही. कंटाळा वेगळा आणि असमर्थता वेगळी. शेजारी, नातेवाईक, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था यांच्याकडे विचारूनही काही जमले नाही, आणि आपल्या घरी त्याचे उरलेले दिवस घाणीत व जखमांतच जाणार असतील, तर डॉक्टरांच्या हातून त्याला शांत मरण देणे हा त्याच्याच भल्याचा विचार आहे. गरिबी म्हणजे क्रूरपणा नव्हे. मात्र घाटात सोडणे, विष घालणे, पाणी तोडणे याला गरिबीचे निमित्त चालणार नाही.

याच्या उलटही परिस्थिती आपल्याकडे आहे. मालक मुंबईत किंवा पुण्यात, आणि कुत्र्याचे सगळे बंगल्यावरचा माळी किंवा राखणदार करतो. रात्री दोनदा उठून तोच कूस बदलतो, तोच घाण काढतो. मालक फोनवर म्हणतात, "काही झाले तरी त्याला जगवायचे." भावना चांगली आहे, पण ती दुसऱ्याच्या पाठीवरून वाहिली जाते. आपल्यात असे मालकही आहेत आणि असे राखणदारही, म्हणून दोघांनाही सांगावेसे वाटते : निर्णय घेताना ज्याच्या हातून तो जेवतो त्याला आधी विचारा, आणि त्याच्या कष्टाचे वेगळे पैसे द्या. वळवण धरणामुळे टाटा हे नाव लोणावळ्याला जुने आहे. दिवंगत रतन टाटा यांच्याविषयी सुहेल सेठ यांनी सांगितलेली आठवण अनेकांनी ऐकली असेल. २०१८ साली लंडनच्या राजवाड्यात त्यांचा सन्मान व्हायचा होता, पण पाळलेला कुत्रा फार आजारी पडल्याने ते गेले नाहीत. दहा माणसे शुश्रूषेला ठेवणे त्यांना अशक्य नव्हते. तरी ते स्वतः थांबले.

पैशाबाबत आपला धर्मशिक्षण ग्रंथ दुसऱ्या बाजूनेही सावध करतो. माणसांच्या हालअपेष्टा दूर करण्यासाठी आधी लागणारा पैसा जनावरांवर उधळणे, आणि माणसाला द्यायचे प्रेम जनावराकडे वळवणे, दोन्ही त्याला मान्य नाही. याचा अर्थ कुत्र्यावर खर्च करू नये असा नाही. ज्या घराने कुत्र्यासाठी चाकांची गाडी आणली, त्या घराने कामवाल्या बाईच्या मुलाची शाळेची फी नाकारलेली नसावी, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी, सर्वांत नाजूक मुद्दा. काही तरुण विचारतात, "कुत्र्याच्या बाबतीत दयामरण चालते, तर मग अंथरुणावरच्या आजीच्या बाबतीत का नाही?" प्रश्न प्रामाणिक आहे. कुत्र्याचे भले त्याच्या आजच्या दिवसात असते : खाणे, ऊब, ओळखीचा हात. यातनेत तेही संपले की त्याच्यापाशी फक्त यातना उरते. तिचा अर्थ तो लावू शकत नाही, ती कोणासाठी अर्पण करू शकत नाही, कोणाला क्षमा करू शकत नाही, कोणाची माफी मागू शकत नाही. माणूस देवाच्या प्रतिमेनुसार घडलेला आहे. स्मृती गेली, बोलणे गेले तरी ती प्रतिमा जात नाही, कारण ती त्याच्या क्षमतेवर अवलंबून नाही. कुत्रा देवाने आपल्या ताब्यात दिला आहे. आजी आपल्या ताब्यात नाही, ती आपल्या शेजारी आहे. म्हणून आजीला उगाच यंत्रांना जखडून ठेवू नये हे खरे, पण तिचा जीव घेणे आपल्या हाती नाही. व्हॅटिकनने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या 'सामारितानुस बोनुस' या पत्राचा गाभा हाच आहे : आजार बरा होण्यापलीकडे गेला तरी माणूस शुश्रूषेपलीकडे जात नाही.

म्हणून लुळ्या कुत्र्याची सेवा करणाऱ्या घराकडे हसू नये. त्या घरातली मुले पाहत असतात की उपयोग संपलेल्या जिवाचे अंथरूण आईने आज तिसऱ्यांदा बदलले. तीच मुले उद्या आपले अंथरूण बदलणार आहेत. आणि एखाद्या घराने डॉक्टरांच्या सल्ल्याने, रडत रडत, आपल्या कुत्र्याला शेवटचे झोपवले असेल, तर त्यांनाही बोल लावू नये. त्यांच्याजवळ बसावे.

या आठवड्यात आपल्या वाडीतल्या, सोसायटीतल्या एखाद्या घरी जावे, जिथे कोणी अंथरुणावर आहे, माणूस असो वा जनावर. सांभाळणाऱ्याला म्हणावे, "दोन तास तुम्ही झोपा, आम्ही बसतो." हे ऐकायला त्या घराचे कान कित्येक महिने आसुसलेले असतात.

प्रभू आपणां सर्वांना सेवेचे बळ आणि निर्णयाचा शहाणपणा देवो.

आपला,
धर्मगुरू